पेटीत काय आहे?



गोदीत माझ्या पाठीवर रोज पेट्या चढतात. पेटीवर कवटीचं चित्र असलं की मुकादम एवढंच बोलतो, 'जपून रे.' आत काय, कुणासाठी, हे विचारणारा दुसऱ्या दिवशी पाळीवर दिसत नाही. म्हणून कुर्ट गेर्स्टाइन माझ्या डोक्यातून जात नाही. त्याला आत काय आहे ते ठाऊक होतं.

जर्मन. खाण इंजिनिअर. पक्का ख्रिस्ती. तरी 1933 साली हिटलरच्या पक्षात गेला, स्वतःच्या पायानं. नाझी चर्चमध्ये घुसले तेव्हा भांडला, तुरुंगात गेला, पक्षातून हाकलला गेला. (ज्यूंवर गदा आली तेव्हा नाही, चर्चवर आली तेव्हा. हे विसरू नका.) मग 1941 साली नाझींनी हदामारला मनोरुग्ण म्हणून मारलेल्यांत त्याच्या नात्यातली एक बाई निघाली. त्याच साली तो एसएसमध्ये शिरला. आत काय चाललंय ते बघायचं, म्हणाला.

बघितलं. ऑगस्ट 1942, पोलंडमधलं बेल्झेक. उघडीनागडी माणसं कोठड्यांत कोंबलेली, आणि धूर सोडायचं इंजिन सुरूच होईना. हा घड्याळ लावून बाहेर उभा. 2 तास 49 मिनिटं. त्यांच्याबरोबर आत जावंसं वाटलं, देवाचा धावा केला, असं तो लिहितो. गेला नाही. जगून सांगायचं होतं.

आणि सांगितलं! वॉर्सा-बर्लिन गाडीत रात्रभर गोरान फॉन ऑटर या स्वीडिश अधिकाऱ्यापुढं ओकला. स्वीडन सरकारनं युद्ध संपेपर्यंत ते दाबून ठेवलं. पोपच्या बर्लिनमधल्या वकिलाकडं गेला, तर दारातून घालवला. हात स्वच्छ असलेले सगळे गप्प. बोलत होता तो बरबटलेला.

पण साला माल चालूच होता. ऑशविट्झला जाणाऱ्या झायक्लॉन बी विषाच्या 1944 सालच्या पावत्या त्याच्याच नावावर. माल मी नासवला, म्हणाला. काही नासवला असेल. सगळा?

1945 च्या एप्रिलमध्ये फ्रेंचांच्या हवाली झाला, सगळा जबाब लिहून दिला. 25 जुलैला पॅरिसच्या तुरुंगात गळफास लागलेला सापडला. 1950 साली ट्यूबिंगेनच्या न्यायमंडळानं त्याला कलंकितच ठरवलं. 1965 साली तिथल्या सरकारनं कलंक काढला.

मी काढत नाही. पण जबाब वाचून काढला. काल कवटीची पेटी खांद्यावर आली तेव्हा मुकादमाला विचारलं, 'आत काय आहे?' तो माझ्याकडं बघतच राहिला.