'+' ने दिलेला शब्द

मराठीतलं 'लावणे' हे क्रियापद बघा. दार लावा म्हटलं की आपण ते बंद करतो, दिवा लावा म्हटलं की पेटवतो, झाड लावा म्हटलं की खड्डा खणतो. पुढची वस्तू बघून ऐकणारा अर्थ ठरवतो. सी++ चा कंपायलर नेमकं हेच करतो. '+' च्या दोन्ही बाजूंना कोणते टाइप आहेत ते बघतो आणि त्याप्रमाणे फंक्शन निवडतो. हेच ऑपरेटर ओव्हरलोडिंग.

हा पॉलिमॉर्फिझमचाच एक प्रकार. ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी १९६७ मध्येच त्याला 'ॲड हॉक' असं नाव दिलं होतं. आपल्या जास्त ओळखीचा प्रकार म्हणजे व्हर्च्युअल फंक्शन. तिथे कोणता कोड चालणार हे प्रोग्रॅम चालू असताना, समोरचा ऑब्जेक्ट बघून ठरतं.

आता गंमत बघा. १९९५ मध्ये जावा आली तेव्हा जेम्स गॉसलिंग यांनी ऑपरेटर ओव्हरलोडिंग सरळ वगळलं. सी++ मध्ये लोकांनी त्याचा केलेला गैरवापर त्यांनी पाहिला होता. पण स्ट्रिंगसाठी '+' मात्र ठेवला! त्यामुळे जावात १ + २ + "रु." चं उत्तर "३रु." येतं आणि "रु." + १ + २ चं "रु.१२". म्हणजे नियम करणाऱ्यानेच स्वतःसाठी पळवाट ठेवली.

आणि बाकीच्यांचं काय? पैशाचे हिशेब फ्लोटमध्ये करू नयेत, म्हणून आपण बिगडेसिमल वापरतो. मग 'मुद्दल * दर * वर्षं / १००' एवढं साधं सूत्र मल्टिप्लाय, मल्टिप्लाय, डिव्हाइड अशा कंसांच्या आगगाडीत लिहावं लागतं. अशा ओळीत एखादा कंस चुकीच्या जागी पडला तर रिव्ह्यू करणाऱ्याला तो दिसेल का? शाळेतलं सूत्र कुणालाही तपासता येतं, ही आगगाडी नाही.

"पण लोक '+' मध्ये काहीही लिहितील!" हो, लिहितील. पण 'ॲड' नावाच्या मेथडमध्येही काहीही लिहिता येतं. 'सेव्ह' ओव्हरराइड करून आत काहीच न करणारा क्लासही लिहिता येतो. म्हणून कुणी ओव्हरराइडिंगवर बंदी घालत नाही. मेथडच्या नावावर विश्वास आणि चिन्हावर अविश्वास, हे काही मला पटत नाही.

माझ्या मते खरा प्रश्न दिलेल्या शब्दाचा आहे. '+' वाचणारा शाळेपासूनचा अर्थ डोक्यात घेऊन येतो. तो अर्थ टिकत असेल तरच चिन्ह वापरा. रुपये अधिक रुपये, जरूर. रुपये अधिक डॉलर, कंपायलरनेच अडवायला हवं. तारखेतून तारीख वजा केली तर दिवस मिळतात, पण तारखेत तारीख मिळवून काय मिळणार? तो ऑपरेटर लिहूच नका. दोन व्हेक्टरमध्ये '*' म्हणजे डॉट प्रॉडक्ट की क्रॉस? जिथे असा प्रश्न पडतो तिथे सरळ नाव द्या.

आणि काही ऑपरेटरच्या वाटेला जाऊच नये. सी++ मध्ये '&&' ओव्हरलोड केलं की डावी बाजू खोटी असली तरी उजवी तपासली जातेच. वाचणाऱ्याला वाटतं आपण सुरक्षित आहोत, आणि प्रोग्रॅम धाडकन कोसळतो.

थोडक्यात काय, सुरी धारदार आहे म्हणून स्वयंपाकघरातून हद्दपार करू नये. कुठे चालवायची ते शिकवावं. बघा पटतंय का!