रकान्याबाहेरचे प्रथिन

गरोदर स्त्री उपकेंद्रात आली की तिच्या लघवीत पट्टी बुडवून अल्ब्युमिन हे प्रथिन पाहावे आणि माता व बाल संरक्षण कार्डाच्या रकान्यात त्याची नोंद करावी, असा आरोग्यखात्याचा जुना दंडक आहे. मात्र बाळंतपण आटोपून त्याच स्त्रीने तिशी ओलांडली, म्हणजे तिचा रक्तदाब मोजला जातो, बोटातून रक्त काढून साखर पाहिली जाते, तीन प्रकारच्या कर्करोगांचीही विचारपूस होते. लघवीचा रकाना तेवढा बहुधा दप्तरातून नाहीसा झालेला असतो. तिच्या नवऱ्याच्या वाट्याला तर तो कधी आलेलाच नसतो. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला चैत्री पौर्णिमेपासून पंधरवडाभर डहाणू-तलासरीचा जो आदिवासी समाज लोटतो, त्याच्यापुरती तरी ही तजवीज बदलावी, अशी माझी सूचना आहे.

सुजलेल्या रोग्याची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापविली असता ती साकळते आणि मरणोत्तर त्याची मूत्रपिंडे विकृत आढळतात, हा संबंध लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून दीर्घकाळ हे प्रथिन केवळ मूत्रपिंडाच्या खात्यावर जमा होत राहिले. परंतु नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथील सुमारे ४० हजार रहिवाशांनी १९९७-९८ मध्ये दिलेल्या नमुन्यांवरून असे दिसले, की लघवीतील अल्ब्युमिन जसे वाढते तसे हृदयविकाराने येणाऱ्या मृत्यूंचे प्रमाणही वाढते, आणि ही चढण सामान्य समजल्या जाणाऱ्या मर्यादेच्या आतच सुरू होते; कारण मूत्रपिंडातली गळती ही बहुधा शरीरभरच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडल्याची खूण असते.

हे सुखवस्तू शहरवासीयांचे दुखणे, असा शेरा मारून ही दरखास्त दप्तरी दाखल करणारे भेटतीलच. त्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत चाललेला अभ्यास पाहावा: कमी वजनाच्या, किडकिडीत दिसणाऱ्या बाळाच्या अंगातही चरबी तुलनेने अधिक आढळते, आणि पुढे मधुमेहाची वाट तेथूनच फुटते. शिवाय अशा बाळाच्या मूत्रपिंडात गाळणारे घटक जन्मतःच कमी असू शकतात. कुपोषणासाठी डहाणू-तलासरीच्या ज्या जिल्ह्याचे नाव वारंवार घेतले जाते, तेथे ही दुहेरी जोखीम उपेक्षणीय कशी ठरेल? त्यात सिकलसेल हा आदिवासींतील आनुवंशिक विकारही मूत्रपिंडाला अपाय करतो.

पट्टीवर मात्र आंधळा विश्वास नको. थोडी गळती तिला दिसत नाही, आणि ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा अतिश्रम यांनीही लघवीत प्रथिन तात्पुरते उतरते. म्हणून ज्यांना रक्तदाब, मधुमेह वा सिकलसेल आहे, त्यांच्या नमुन्यात क्रिएटिनिनच्या ग्रॅममागे अल्ब्युमिन किती, हे प्रयोगशाळेत मोजावे, आणि ३० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक निघाल्यास तीन महिन्यांच्या आत पुन्हा पडताळावे. डहाणूस आयसीएमआरचे ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र असताना या कामाचा आरंभ तेथून करणे अशक्य नसावे.

गळती कमी करणारी एनालाप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी औषधे स्वस्त आहेत. अडचण आहे ती औषध सलग मिळण्याची. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या मजुराला तीन महिन्यांच्या गोळ्या आणि नोंदीचा कागद बरोबर दिला नाही, तर तपासणी निव्वळ रुजवात ठरेल. आणि हीच औषधे गर्भाला घातक असल्याने, मूल होण्याच्या वयातील स्त्रीला ती देण्यापूर्वी सिस्टरने तिची पाळी विचारलीच पाहिजे.