पायथॉनच्या ‘डिफलिब’ला रंग मिळाले, पण ते बंद का ठेवलेत?

दोन मजकुरांत नेमकं काय बदललं हे शोधायला पायथॉनमध्ये ‘डिफलिब’ ही लायब्ररी बऱ्याच वर्षांपासून आहे. तिच्या ‘युनिफाइड डिफ’ फंक्शनचं आउटपुट आतापर्यंत एकाच रंगात यायचं. काढलेल्या ओळीपुढे वजाचं चिन्ह, नव्या ओळीपुढे अधिकचं. पायथॉन ३.१५ मध्ये या फंक्शनला रंगांचा पर्याय जोडला गेला. तो चालू केला की काढलेली ओळ लाल आणि नवी ओळ हिरवी दिसते, अगदी गिटसारखी.

पायथॉन गेली काही वर्षं याच दिशेने चाललंय. २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ मध्ये एरर मेसेज रंगीत झाले, ३.१४ मध्ये युनिटटेस्टचे निकालही. तिथे रंग आपोआप दिसतात. मग डिफलिबमध्ये ते बाय डिफॉल्ट बंद का?

कारण टर्मिनलमधला रंग हा मजकुराचाच भाग असतो. ओळीच्या आधी ‘एस्केप’ हे न दिसणारं अक्षर आणि एक छोटा कोड येतो. त्यात ३१ म्हणजे लाल, ३२ म्हणजे हिरवा, ० म्हणजे रंग बंद. टर्मिनलला हे कळतं. पण तेच आउटपुट फाइलमध्ये सेव्ह केलं, तर कोडही सेव्ह होतो. मग ओळ अधिक-वजाने सुरू होतच नाही, आणि ती फाइल पॅच म्हणून लावायला गेलात तर पॅच लागत नाही.

गिट स्वतः तपासतं, की आउटपुट स्क्रीनवर जातंय की फाइलमध्ये. डिफलिब मात्र फक्त ओळी तयार करून तुमच्या हातात देते. पुढे त्या स्क्रीनवर जाणार की ईमेलमध्ये, हे तिला माहीत नसतं. म्हणून निर्णय तुमच्यावर सोडणं मला योग्य वाटतं. शिवाय रंग नकोच असतील, तर वापरणारा ‘नो कलर’ या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलने ते बंद करू शकतो.

आणखी एक मुद्दा. लाल-हिरव्यातला फरक न ओळखता येणारे लोक बरेच आहेत, त्यात पुरुष जास्त. त्यांच्यासाठी अधिक-वजाची चिन्हंच खरी माहिती देतात. ती तशीच राहिली आहेत, हे बरं झालं.

फोनवर टर्मक्स असेल तर करून बघा: गिट डिफचा रंग ‘ऑलवेज’ ठेवून आउटपुट फाइलमध्ये टाका आणि ती नॅनोमध्ये उघडा. रंग दिसणार नाहीत, त्यांचे कोड दिसतील. तुमच्या स्क्रिप्टमध्ये रंग चालू करण्याआधी एवढंच विचारा: हे आउटपुट माणूस वाचणार आहे की दुसरा प्रोग्राम?