पिले खुरटली, भुर्दंड कुणाला?

करारावर ब्रॉयलर पाळणाऱ्याला दहा-बारा दिवसांतच कळून चुकते, की बॅच बिघडली. बरीच पिले मुठीएवढीच राहतात. पंख विस्कटलेले, विष्ठा पातळ, तीत न पचलेले खाद्य. मर फारशी नसते, म्हणून कुणी दखल घेत नाही. खाद्य संपते, वजन भरत नाही आणि हिशेबाच्या दिवशी कंपनी म्हणते, तुमचे व्यवस्थापन कमी पडले. दर कापला!

या खुरटण्यामागे बहुधा आतड्यातले विषाणू असतात – ॲस्ट्रो, रोटा, रिओ. त्यांतले ॲस्ट्रो आणि रिओ अंड्यातूनही पिलात उतरतात. म्हणजे रोग कधी कधी हॅचरीच्या पेटीतूनच शेडवर येतो. (जुन्या तुसावरच नवी बॅच सोडणाऱ्याने मात्र हात झटकू नयेत.) विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, तरी पाण्यात बाटल्या ओतल्या जातातच. कोलिस्टिनवर तर २०१९ पासून बंदी आहे.

सातव्या दिवशी दोघांच्या सहीने पिलांचे वजन व्हावे. खुरटलेली पिले पशुसंवर्धन खात्याच्या प्रयोगशाळेत तपासावीत आणि दोष पिलांचा निघाला, तर दर कापू नये. एवढे कलम करारात लिहून घेतल्याशिवाय पुढची बॅच उतरवून घेऊ नका.