सहाशे एकोणचाळीस वर्षांचा प्रोजेक्ट

ऑर्गन म्हटलं की आपल्याला संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो. युरोपातल्या चर्चमधला पाइप ऑर्गन मात्र वेगळंच प्रकरण. तिथे एकेका सुराला वेगळा पाइप.

जर्मनीतल्या हाल्बरश्टाटमध्ये १३६१ साली निकोलाउस फाबरने असा एक ऑर्गन बांधला. आजच्यासारख्या बारा सुरांच्या पट्ट्या असलेला पहिला मोठा ऑर्गन तो, असं मानतात. तो आता नाही. त्याच गावात सेंट बुर्खार्डी नावाचं जुनं चर्च आहे. १८१० मध्ये तिथला मठ बंद झाला, मग तिथे धान्याचं कोठार झालं, दारूची भट्टी झाली, डुकरंसुद्धा ठेवली. ५ सप्टेंबर २००१ ला याच चर्चमध्ये जॉन केजची एक ऑर्गनरचना सुरू झाली. केजची सूचना: शक्य तितक्या सावकाश वाजवा. आता 'शक्य तितक्या' म्हणजे किती? यांनी २००० मधून १३६१ वजा केले. उत्तर ६३९ वर्षं! रचना २६४० मध्ये संपणार. सुरुवातच विरामाने, त्यामुळे पहिले सतरा महिने नुसती भात्याची हवा.

हा निव्वळ चक्रमपणा, असं मलाही वाटायचं. त्यापेक्षा फाबरचा ऑर्गन हुबेहूब उभा करायचा ना! पण आता मत बदललंय. हुबेहूब प्रतिकृती एकदा बांधली की काम संपलं, कारागीर घरी. इथे पूर्ण ऑर्गन बांधलेलाच नाही. सध्याच्या सुरांना लागतील तेवढेच पाइप, आणि पट्ट्या दाबून धरायला वाळूच्या पिशव्या. २०१३ नंतर थेट २०२० मध्ये सूर बदलला. ५ फेब्रुवारी २०२४ ला आणखी एक पाइप बसवला. म्हणजे पाइप बनवणारा माणूस दर पिढीत लागणारच. (माझा आठ वर्षांपूर्वीचा कोड आज मलाच वाचता येत नाही. कारण मधल्या काळात त्याला कुणी हातच लावला नाही.)

खटकतं ते एकच. देणगीदार त्यातलं एकेक वर्ष आपल्या नावावर घेतात आणि त्याची धातूची पाटी चर्चमध्ये लागते. पाट्या लागोत बापड्या, पण मला विचाराल तर त्या पैशातून आधी गावातली दोन पोरं ऑर्गनचं काम शिकायला पाठवावीत. भाता चोवीस तास विजेवर चालतोय, तो कधीतरी बिघडणारच.