परसबाग: ऋषिपंचमीची भाजी घरच्या कुंड्यांतून

नव्यानें भाजीपाला लावावयास निघालेली गृहिणी पहिल्या वर्षीं बहुधा टोमॅटो, फुलकोबी आणि वाटाणा यांच्या मागें लागते. बियांच्या पाकिटांवरील चित्रेंच तशीं मोहक असतात. मग जून महिन्यांत मोठ्या हौसेनें लावलेलीं फुलकोबीचीं रोपें पावसांत कुजतात, टोमॅटोचीं पानें चुरडून जातात, वाटाण्यास तर मुळीं थंडीच हवी असते. आणि गणपति येतात तों गच्चीवर रिकाम्या कुंड्यांची रांग तेवढी उरते. "आमच्या हाताला कांहीं लागतच नाहीं," असें एकदां मनानें घेतलें, कीं पुढें दहा वर्षें त्या कुंड्यांत तुळस आणि कोरफड यांखेरीज कांहीं दिसत नाहीं.

दुसरी अडचण मापाची. बाजारांतून आपण एका वेळीं एकच भाजी अर्धा किलो आणतों व तिच्यावर एक जेवण काढतों. घरच्या बागेस हें माप सहसा पुरें करतां येत नाहीं. भेंडीचीं सहा झाडें असलीं तर आज चार भेंड्या, परवां सात. दोडक्याच्या वेलावर एक दोडका तयार, तर दुसरा अजून बोटाएवढा. इतक्या थोड्या भाजीचें करावयाचें काय, या विचारांत त्या चार भेंड्या फ्रिजमध्यें सुकून जातात. म्हणून नव्या बागेस असा पदार्थ हवा, कीं ज्यास दहा जिनसा लागतात, पण कोणतीही एक फारशी लागत नाहीं. असा पदार्थ आपल्या घरांत पूर्वापार चालत आलेला आहे. तो म्हणजे ऋषिपंचमीची भाजी. माझ्या मतें पहिल्या वर्षाची सारी लागवड ह्या एका भाजीवर नजर ठेवून करावी.

भाद्रपद शुद्ध पंचमीस, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीं, बैलाच्या श्रमाचें कांहीं खावयाचें नाहीं, असा हा नेम आहे. परसांत, कुंपणावर, मोरीच्या पाण्यावर जें माणसाच्या हातानें वाढलें, तेंच त्या दिवशीं शिजवावयाचें. व्रतकथेंत ह्याचा संबंध स्त्रियांच्या मासिक विटाळाच्या दोषाशीं जोडलेला आहे. तें कारण आजच्या सुशिक्षित घरांस पटण्याजोगें नाहीं, आणि पटवून देण्याचा माझा उद्देशही नाहीं. बैलाची अट तर आतां थोडी गमतीचीच झाली आहे. ट्रॅक्टरनें नांगरलेल्या शेतांतील कोबीही शब्दशः पाहिलें तर नेमांत बसतो! तरी गणपतीच्या दिवसांत मंडईंत ह्या भाजीचे मिश्र वाटे येतात व हातोहात खपतात, तेव्हां व्रतापेक्षां पदार्थाची गोडी अधिक टिकाऊ ठरली असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां दिवसांचा हिशेब. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागतें. ऋषिपंचमी २०२३ सालीं अधिक मासामुळें २० सप्टेंबरला आली, २०२४ सालीं ८ सप्टेंबरला, आणि २०२५ सालीं २८ ऑगस्टला. म्हणजे मृगापासून पंचमीपर्यंत कधीं १०५ दिवस मिळतात, तर कधीं अवघे ८२. पेरणीपूर्वीं पंचांग उघडून ही तिथि पाहून ठेवावी. पडवळाचें पहिलें फळ हातीं यावयास ६० ते ७० दिवस लागतात, दोडक्यास ५० ते ६०, भेंडीस ४५ ते ५०, आणि मक्याच्या कोंवळ्या कणसास ७५ ते ८०. ज्या वर्षीं पंचमी ऑगस्टांत असेल त्या वर्षीं मका आणि वेल जूनच्या पहिल्याच आठवड्यांत पेरले पाहिजेत, मग पाऊस आलेला असो वा नसो. झारीनें पाणी घालावें. पंचमी सप्टेंबरांत असल्यास घाई नको. उलट भेंडी जुलैच्या आरंभापर्यंत लांबवावी, नाहींतर ऐन दिवशीं झाडें म्हातारीं झालेलीं असतात.

लाल माठाचें गणित सर्वांत सोपें. तो २५ ते ३० दिवसांत काढावयास येतो, आणि नागपंचमीपासून ऋषिपंचमीपर्यंत एक महिन्याचेंच अंतर असतें. मात्र नागपंचमीस माती उकरूं नये अशी चाल आहे. ज्यांस ती पाळावयाची असेल त्यांनीं दुसऱ्या दिवशीं पेरावें. माठाचें बीं फारच बारीक असल्यानें चिमूटभर बीं मूठभर वाळूंत मिसळून भुरभुरावें, म्हणजे दाट पडत नाहीं. त्यास खोल कुंडी नको. वीतभर खोलीचें पसरट घमेलें पुरतें. नवशिकीनें खरें म्हणजे जूनमध्येंच एक घमेलें माठ पेरून पाहावा. महिन्याच्या आंत स्वतःच्या हातची भाजी पानांत पडली, कीं पुढील दोन महिने वेलांची वाट पाहण्यास धीर येतो.

ज्यांस परस आहे त्यांस जागेविषयीं कांहीं सांगावयास नको. गच्चीवर लावणारांनीं मात्र दोन गोष्टी पाहाव्या. पहिली ऊन: निदान पांच-सहा तास तें मिळत नसेल तर फळभाज्यांचा नाद सोडून अळूवर समाधान मानावें. दुसरी वजन: ओली माती लिटरामागें दीड किलोहून जड असते, म्हणून २० लिटरांची बादली भरली, कीं ती ३० किलोंच्या वर जाते. अशा दहा-बारा बादल्या स्लॅबच्या मध्यभागीं न मांडतां कठड्याच्या कडेनें, खालच्या भिंतींवर येतील अशा मांडाव्या. माती निम्म्याहून कमी घेऊन बाकी वाळलेला पाला आणि कुजलेलें खत भरलें, तर वजनही उतरतें आणि पीकही चांगलें येतें. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर (१९२४–२००१) यांनीं 'प्रयोग परिवारा'च्या द्वारें पालापाचोळा आणि स्वयंपाकघरांतील ओला कचरा यांतून माती घडविण्याची ही वाट अनेकांस दाखविली. देशावरील काळी माती नुसतीच वापरली तर पावसांत तिचा चिखल होतो आणि उघडीप पडतांच भेगा पडतात. कोंकणांतील तांबड्या मातीचा दोष उलटा. ती पाणी झटकन सोडते आणि पाण्याबरोबर खताचा कसही जातो. दोहोंसही औषध एकच, पाला. बादलीच्या तळाशीं भोंकें पाडावयास विसरूं नये; पावसाळ्यांत झाडें तहानेनें क्वचित् मरतात, बुडून पुष्कळ मरतात.

भेंडीचें बीं रात्रभर भिजवून पेरांएवढ्या खोलीवर टोंचावें, झाडांत हातभर नाहीं तरी वीतभराहून अधिक अंतर ठेवावें. पानांच्या शिरा पिवळ्या पडून सारें पान जाळीदार दिसूं लागलें, तर तो केवडा रोग समजावा. पांढरी माशी तो पसरविते व त्यावर उपाय नाहीं; तें झाड उपटून टाकणें हाच दुसऱ्या झाडांचा बचाव. परभणीच्या कृषि विद्यापीठानें काढलेली 'परभणी क्रांति' ही जात ह्या रोगास पुष्कळ तोंड देते. भेंडी एक दिवसाआड काढीत जावी. जून झालेली एक भेंडी झाडावर राहिली, कीं झाड पुढील फळांचा कंटाळा करतें. पंचमीच्या आधीं दोन-तीन तोडण्या ओल्या फडक्यांत जपून ठेवल्या म्हणजे भाजीपुरती भरती होते.

मक्याविषयीं एकच सूचना. त्याचे परागकण वाऱ्यावर पडतात, म्हणून रोपें एका ओळींत न लावतां तीन-तीनांचा चौकोन करावा. ओळींतील कणसें अर्धीं बोडकीं निघतात.

वेलांची हकीकत अधिक लांब आहे, कारण बहुतेक निराशा तेथेंच होते. पडवळाचें बीं टणक असतें. तें ओल्या फडक्यांत दोन दिवस गुंडाळून ठेवून मग पेरावें. एका वेलास हात-सव्वा हात खोल बादली द्यावी आणि दोऱ्यांचा मांडव आधींच बांधून ठेवावा. वेल वाढतो, फुलें येतात, आणि बाई तक्रार करते कीं सारीं फुलें गळून जातात. पहिलीं आठ-दहा दिवस येतात तीं नरफुलें, तीं गळावयाचींच. मादीफुलाच्या बुडाशीं इवलेसें फळ दिसतें, त्यावरून तें ओळखावें. परंतु उंच इमारतीच्या गच्चीवर फुलांकडे किडे-पाखरें येतीलच असा भरंवसा नसतो. अशा वेळीं हें काम आपणच करावयाचें. पडवळाचीं व दोडक्याचीं फुलें सायंकाळीं उमलतात. दिवेलागणीस एक ताजें नरफूल खुडून त्याचें केसर मादीफुलाच्या मध्यभागीं हलकेच टेकवावें. लाल भोपळ्याचें फूल पहाटे उमलतें व ऊन चढतांच मिटतें, त्यासाठीं सकाळीं लवकर उठावें. फळ धरलें, कीं त्यास कागदाची पिशवी चढवावी, म्हणजे फळमाशीस टोंचतां येत नाहीं. पडवळाच्या टोंकास लहानसा दगड दोऱ्यानें बांधण्याची जुनी युक्ति ठाऊक असेलच. फळ सरळ उतरतें आणि मुलांना मौज वाटते.

वेलांच्या फळांविषयीं एक गोष्ट मात्र मौजेची नाहीं. दोडका, दुधी, काकडी यांत कधीं कधीं कुकुर्बिटासिन नांवाचीं कडू विषारी द्रव्यें वाढतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें नेमलेल्या तज्ज्ञांनीं दुधीच्या कडू रसाच्या बाधेचा तपास केला आणि त्यांचा अहवाल २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. ओकाऱ्या, रक्ताची उलटी, रक्तदाब एकदम उतरणें असे प्रकार घडून कांहीं माणसें दगावलींही आहेत. हीं द्रव्यें शिजविल्यानें नाहींशीं होत नाहींत आणि गूळ घातल्यानें केवळ झांकलीं जातात. घरच्या बागेंत हा धोका बाजारापेक्षां कमी नाहीं, उलट थोडा अधिकच असतो. कारण खताच्या ढिगांतून आपोआप उगवलेला वेल आपण कौतुकानें वाढवितों, आणि त्याचें बीं कशा संकराचें आहे तें कोणासच माहीत नसतें. म्हणून चिरतांना प्रत्येक दोडक्याची व दुधीची एक कापटी जिभेला लावून पाहावी, कडू लागल्यास थुंकून टाकावी आणि सबंध फळ फेंकून द्यावें. एवढें कष्टानें वाढविलेलें फळ टाकावयास जीव धजत नाहीं हें खरें. पण तेथें काटकसर कामाची नाहीं. (कारल्याची गोष्ट निराळी.)

अळूस फारशी मिजास नाहीं. मोरीचें पाणी जातें तेथें, किंवा गच्चीच्या सर्वांत सावलीच्या कोपऱ्यांत, तीन-चार कांदे पुरून ठेवले, कीं दोन महिन्यांत पानें मिळूं लागतात. काळ्या देंठाचें अळू वडीस चांगलें, हिरव्या देंठाचें भाजीस. आंबटपणासाठीं जूनमध्यें थोडी अंबाडी पेरावी. तिचे शेंडे खुडले, कीं ती फांद्या फोडते. सुरण मात्र विकतच घ्यावा. त्यास आठ-नऊ महिने लागतात. लाल भोपळ्याचा वेल गच्चीवर साऱ्या जागेवर पसरतो, तेव्हां त्याचीही एक फोड मंडईंतून आणण्यांत कमीपणा मानूं नये.

सहा माणसांच्या भाजीस अळूचीं आठ-दहा पानें देंठांसह, माठाची एक जुडी, मूठभर अंबाडी, दहा-बारा भेंड्या, एक दोडका, हातभर पडवळ, भोपळ्याची फोड, दोन कोंवळीं कणसें, पाव किलो सुरण आणि भिजविलेले मूठभर शेंगदाणे एवढें सामान पुरें. अळू व सुरण यांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, घशाला खाज सुटते ती त्यांचीच. म्हणून हाताला तेल लावून ते चिरावे आणि चिंचेच्या कोळांत वेगळे, अगदीं मऊ होईपर्यंत शिजवावे. सर्वच भाज्या आरंभापासून चिंचेंत टाकल्या तर मका आणि दाणे लवकर शिजत नाहींत. ते दुसऱ्या पातेल्यांत साध्या पाण्यांत लावावे. ते नरम आले, कीं माठाचे दांडे व भोपळा, मग पडवळ-दोडका, आणि भेंडीचे मोठे तुकडे सर्वांच्या शेवटीं. भेंडी शिजत आली म्हणजे अळू-सुरण, अंबाडी व माठाचीं पानें त्यांत मिळवून एक चांगली उकळी आणावी. आंबटामुळें भेंडीची तारही मोडते. मीठ, ठेंचलेल्या हिरव्या मिरच्या आणि अर्धी वाटी ओलें खोबरें. फोडणी नाहीं, मसाला नाहीं. वाढतांना कित्येक घरीं वरून चमचाभर तूप सोडतात. हिंग-जिऱ्याचा मोह येथें आवरावा. दहा भाज्यांची एकत्र चव ह्या एकाच दिवशीं चाखावयास मिळते, तिच्यावर फोडणीचा वास चढूं देऊं नये. सोबत वरीचे तांदूळ, किंवा ज्यांस मिळेल त्यांनीं देवभात करावा. दोडक्याच्या शिरा टाकूं नयेत; दुसऱ्या दिवशीं तीळ आणि सुकें खोबरें घालून त्यांची चटणी परतावी.

पंचमीनंतर माठाचीं घमेलीं रिकामीं होतील. त्यांत नवीन खत घालून ठेवावें, म्हणजे पाऊस ओसरतांच मेथी व मुळा पेरतां येईल. वेलावर एक पडवळ व एक दोडका मुद्दाम वाळूं द्यावा. दोडक्याची जाळी अंग घासावयास होते आणि आंतील बीं पुढील मृगास. विकत घेतलेलें बीं संकरित असेल तर हा खटाटोप व्यर्थ आहे. त्याची पुढील पिढी आईसारखी निघत नाहीं. गांवठी असल्यास बीं सावलींत सुकवून, राखेंत घोळून बाटलींत भरावें आणि बाटलीवर भाजीचें नांव व सन लिहून ठेवावें. पुढील ज्येष्ठांत पडवळाचें बीं कोणतें आणि दोडक्याचें कोणतें, ह्यावर घरांत वाद नको.