स्वस्त मजूर आणि देशभक्तीचा बाजार

फेब्रुवारी २०१६ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात कॅरियर कंपनीच्या सुमारे १४०० कामगारांना एकत्र बोलावून सांगण्यात आले की, येथील उत्पादन मेक्सिकोतील मॉन्टेरे येथे हलविले जाईल. कंपनी तोट्यात नव्हती. मालक असलेल्या युनायटेड टेक्नॉलॉजीजला वर्षाकाठी ६.५ कोटी डॉलर वाचवावयाचे होते, इतकेच.

कामगारांचा संताप न्याय्य होता. प्रश्न होता तो त्यावर स्वार कोण होणार, हा. भांडवलशाही पक्षांनीच १९९४ पासून अमलात आणलेल्या मुक्त व्यापार कराराने ही वाट मोकळी केली होती. त्या पक्षांपैकीच एकाचे उमेदवार, स्वतः अब्जाधीश असलेले डोनाल्ड ट्रम्प, कामगारांचे कैवारी म्हणून पुढे सरसावले. निवडून आल्यावर १ डिसेंबर २०१६ रोजी कारखान्यात जाऊन त्यांनी ११०० रोजगार वाचल्याची घोषणा केली. वास्तविक मेक्सिकोला जाणाऱ्यांपैकी सुमारे ८०० च वाचले होते. उरलेल्या जागा कधी जाणारच नव्हत्या. या उपकाराचे मोल म्हणून इंडियाना राज्याने ७० लाख डॉलरच्या सवलती दिल्या. कंपनीच्या प्रमुखाने तर उघड सांगितले की, नवी गुंतवणूक यंत्रीकरणात जाईल आणि त्यामुळे कामगार कमीच लागतील. पोलाद कामगार युनियनच्या स्थानिक शाखेचे अध्यक्ष चक जोन्स यांनी आकड्यांतील लबाडी दाखविताच भावी राष्ट्राध्यक्षांनी मालकाला नव्हे, जोन्स यांनाच जाहीरपणे दोष दिला. जुलै २०१७ ते जानेवारी २०१८ या काळात ५०० हून अधिक कामगार घरी गेलेच.

या साऱ्या गदारोळात मेक्सिकन मजूर चोर ठरला. तो स्वस्त का, हे मात्र कोणी विचारले नाही. मालक आणि त्याच्या मर्जीतील युनियन यांनी कामगारांना न विचारता करार करावयाचे, ही तेथील जुनी रीत. मजुरी दडपली गेली ती तेथे. सिलाओ येथील जनरल मोटर्सच्या कामगारांनी ऑगस्ट २०२१ मध्ये असाच करार मतदानाने फेटाळला, फेब्रुवारी २०२२ मध्ये स्वतंत्र युनियन निवडून आणली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात ८.५ टक्के पगारवाढ मिळविली. इंडियानापोलिसच्या कामगाराचे हित त्या मतपेटीत होते. ट्रम्प यांच्या व्यासपीठावर त्याच्या वाट्याला नुसत्या टाळ्या आल्या.